आमिष आणि आश्वासन

मासे धरण्याचा छंद आम्हांस नाही. बालपणी खाडीकाठी काढलेली चौदा-पंधरा वर्षे वगळली, तर पाण्याशी आमचा संबंध नळापुरताच उरला आहे. तरीही गेल्या हिवाळ्यातील एक अख्खा शनिवार आम्ही कोलकात्यातील एका जुन्या दुकानात गळाच्या काठ्या हाताळण्यात घालविला. आणि त्या दिवशी मनात रुतलेला एक प्रश्न अद्यापि निघालेला नाही. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना तो ओळखीचा वाटेल, म्हणून येथे मांडीत आहोत.

आमच्या शाखेतील एक वंगीय सहकारी लवकरच निवृत्त होत आहेत. इकडे गळाच्या काठीला 'छिप' म्हणतात, आमिषाला 'टोप' म्हणतात, आणि मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात जे सुवासिक मिश्रण टाकतात त्यास 'चार' म्हणतात. रविवारी पैसे भरून तळ्याकाठची जागा घ्यावी आणि रोहू-कटल्याची वाट पाहत दिवस घालवावा, हे येथील कित्येक कारकुनांचे व्रतच आहे. आमच्या सहकाऱ्यांस निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी एक नवी काठी घ्यावयाची होती, आणि सोबतीस कोणी तरी हवे होते. आम्ही गेलो.

काठीची निवड ही साधी गोष्ट नव्हे, हे तेथे कळले. नवख्या माणसास वाटते की काठी जितकी ताठ तितकी चांगली. प्रत्यक्षात दोरी तुटते ती बहुधा संथ ओढीने नव्हे, तर एकाएकी बसलेल्या हिसक्याने. आणि तो हिसका काठीने वाकून आपल्या अंगावर घ्यावयाचा असतो. काही काठ्या केवळ शेंड्याकडे वाकतात, काही मध्यापर्यंत, तर काही थेट मुठीपर्यंत. शेंड्याशी वाकणारी ताठ काठी गळ चटकन रुतविते. पण गळ बारीक आणि तीन तोंडांचा असेल तर तीच काठी तो माशाच्या तोंडातून उपटूनही काढते. तेथे मवाळ काठीच हवी. पूर्वी या काठ्या बहुधा बांबूच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आल्या, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत कार्बनतंतूच्या. आमचे सहकारी प्रत्येक काठीचा शेंडा आमच्या हाती देत, मूठ स्वतः उचलीत आणि तिचा बाक डोळ्यांनी मोजीत. अखेरीस त्यांनी कार्बनची हलकी, महाग काठी बाजूला ठेवली आणि काचतंतूची जड काठी पसंत केली. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "ही चुका माफ करते."

कोणती काठी घ्यावी हे आमिषाच्या वजनावरही ठरते, म्हणून त्यांनी सोबत एक पत्र्याचा डबा आणला होता. तरुणपणी ते काही वर्षे आसामात तेजपूर येथे होते आणि सुट्टीच्या दिवशी जिया भरली नदीवर महासीर धरावयास जात. डब्यात त्या काळचे धातूचे चमचे होते. जेवणाच्या चमच्याचा दांडा काढून टाकावा आणि टोकाशी गळ अडकवावा, तसे यांचे रूप. पाण्यातून ओढले की ते डुलतात, चमकतात, आणि लहान मासा पळत असल्याचा भास होतो. एकाचा मुलामा पार उडालेला. दुसरा मधोमध चेपलेला. महासीरच्या जबड्यांत दात नसतात, ते त्याच्या घशात असतात. पण त्याच्या तोंडाची पकड अशी की धातूलाही बाक यावा. सहकाऱ्यांनी चेपलेला चमचा अंगठ्याने पुसला आणि दुकानदारास त्याची कथा सांगितली. आम्ही लक्षपूर्वक ऐकले. तासभरात त्यांनी सात-आठ आमिषांची आठवण काढली. माशांची आठवण जवळजवळ काढलीच नाही. जे हाती लागले ते विसरले गेले होते. ज्याने फसविले ते जपून ठेवले होते.

येथून आमच्या मनात विचारचक्र सुरू झाले, आणि घरी येऊन आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले.

या कलेचा सर्वांत मोठा पसारा अमेरिकेत आहे, आणि तेथील लाडका मासा म्हणजे गोड्या पाण्यातील 'बास'. आपल्याकडे रायगडात ज्यास जिताडा म्हणतात, सिंधुदुर्गात चोणक म्हणतात आणि कोलकात्यात भेटकी म्हणतात, त्यालाही इंग्रजीत 'सी-बास' हे नाव आहे. परंतु तो अमेरिकन बासचा केवळ नामबंधू. बाससाठी लाकडाची, रबराची, पिसांची, धातूची अशी असंख्य कृत्रिम आमिषे निघाली, आणि जुनी आमिषे जमविणारे शौकीन तेथे गावोगाव आहेत. परंतु सर्वांत बोलकी कथा आम्हांस फिनलंडमध्ये आढळली. लाउरी रापाला या कोळ्याने पाहिले की मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर तुटून पडतो तेव्हा तो धडधाकट माशाच्या मागे लागत नाही. जो किंचित लंगडतो, वेडावाकडा पोहतो, त्यालाच उचलतो. १९३६ मध्ये त्याने बुचाचे लाकूड तासून, त्यावर चॉकलेटची चांदी चढवून एक आमिष घडविले. त्याचा सारा गुण त्याच्या लंगडण्यात होता.

दुसरी गोष्ट बासविषयीची. विणीच्या काळात नर बास तळाशी घरटे करून अंड्यांची राखण करतो. त्या दिवसांत भूक नसतानाही घरट्याजवळ येणाऱ्या वस्तूवर तो झडप घालतो. तेव्हा जे आमिष त्याच्यापुढे नाचविले जाते, ते त्याच्या लोभाला नव्हे, तर त्याच्या वात्सल्याला लावलेले असते. आणि तो गळाला लागून दूर गेला की आसपासचे लहान मासे अंड्यांवर येतात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत वसंत ऋतूत बास धरण्यास बंदी असते, ती याच कारणासाठी.

आता नीतीचा प्रश्न असा. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्रास सांगतो की उत्तम भक्ष्याने झाकलेला लोखंडी गळ मासा लोभाने गिळतो आणि परिणाम पाहत नाही. उपदेश माशाला आहे. आपली भाषाही विदुराच्याच बाजूची दिसते. 'आमिषाला बळी पडला', 'गळाला लागला' असे आपण म्हणतो, आणि दोष पडणाऱ्याच्या पदरी घालतो. सरकारी नोकरांना तर हा उपदेश दक्षता-परिपत्रकांतून वर्षानुवर्षे होत असतो. आमिषांपासून सावध राहावे, हे वाचून आम्ही सही करतो. स्वतःस मासा समजून आम्ही पुष्कळ सावध राहिलो. काठी आपल्याही हाती असू शकते, हे मात्र कधी मनात आले नाही.

आमचे वडील राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावी असतात. वय सत्त्याहत्तर. ते अजूनही गरवावयास जातात. चिव्याची काठी, साधी गरी आणि तीवर ताजी कोलंबी. "त्याला एक घास तरी खरा मिळाला पाहिजे," असे ते म्हणत. लहानपणी आम्हांस हा विनोद वाटे.

कोलकात्यास आमची बदली होऊन चार वर्षे झाली. वडिलांचा फोन आला की त्यांचा एकच प्रश्न असतो: "कधी येतोस?" आणि आमचे उत्तर तयार असते. पहिल्या वर्षी "गणपतीला येतो", दुसऱ्या वर्षी "शिमग्याला", तिसऱ्या वर्षी "आंब्यांच्या दिवसांत, नातवाला घेऊन येतो". एकदाही जाणे झाले नाही. कारणे खोटी नव्हती. रजा अडत, मुलाच्या परीक्षा येत, भाड्याचा हिशेब पुढे उभा राही. पण आज विचार करता दिसते की आमच्या उत्तरांत रापालाची कारागिरी होती. आम्ही कधी "निश्चित येतो" म्हणालो नाही. "साहेब रजा देतील असे वाटते", "तिकीट प्रतीक्षायादीत आहे, पण होईल", असे म्हणत होतो. ठाम वचनावर वडिलांनी कदाचित विश्वास ठेवला नसता. लंगडणाऱ्या वचनावर त्यांनी ठेवला. आणि 'नातवाला घेऊन' हे शब्द आम्ही कोठे लावीत होतो, हेही आता कळते.

यावर कोणी म्हणेल की यात असत्य ते काय? "एकदा या घरी" असे आपण रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकास म्हणतो. त्यास कोणी वचन समजत नाही. हे खरे आहे. कांटने १७८५ च्या आपल्या नीतिग्रंथात परतफेडीचा विचार नसताना कर्ज घेणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. सर्वच जण असे वागू लागले तर वचन या वस्तूलाच अर्थ उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. पण आमचा तसा हेतू नव्हता. फोनवर बोलताना आम्ही मनाने अर्धे गावी पोहोचलेलो असू. गळ टाकणाऱ्यास आपले आमिष खोटे असल्याचे पक्के ठाऊक असते. आम्ही ते ठाऊक करून घेण्याचे टाळीत होतो, इतकाच फरक. हा फरक आमच्या बाजूचा आहे की विरुद्ध, याचा निर्णय आम्हांस बरेच दिवस करता येईना.

तो निर्णय गेल्या फाल्गुनात झाला. एका नातलगांच्या लग्नानिमित्त आम्ही एकटेच, दोन दिवसांसाठी, न कळविता गावी गेलो. पडवीच्या कोपऱ्यात तीन काठ्या उभ्या होत्या. सरळ, गाठी तासलेल्या, तेल पाजलेल्या. मोठ्या माणसास आखूड, मुलाच्या हातास बेताच्या. एक नवी होती, एक पिवळी पडलेली, आणि एक वाळून मधोमध उभी चिरलेली. आईने सांगितले की दिवाळीनंतर अंधाऱ्या पक्षात वडील चिव्याच्या बेटात जातात, पाच-पन्नास काठ्यांतून एक निवडतात, निखाऱ्यावर शेकून ती सरळ करतात आणि सावलीत वाळत ठेवतात. दर वर्षी एक. नातवाची उंची वाढली असेल म्हणून दर वर्षी मागच्या काठीहून वीतभर लांब.

दुकानात सहकारी काठी निवडीत होते, तेव्हा आम्हांस त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटले होते. तितकीच चिकाटी आमच्या तीन शब्दांच्या भरवशावर कोकणात तीन वर्षे चालली होती.

त्या काठ्यांपुढे उभे असताना आम्हांस जे वाटले ते असे. वचन खरे की खोटे, हे बोलणाऱ्याच्या हेतूवरून ठरविता येत नाही, कारण आपल्या हेतूविषयी आपणच आपल्याला सोयीचे सांगतो. ऐकणारा त्या शब्दावर किती तयारी करतो, यावरून ते ठरवावे. रस्त्यातल्या "या घरी" या आमंत्रणावर कोणी बेटातून काठी तोडीत नाही, म्हणून ते निष्पाप. ज्या शब्दावर दुसऱ्याचे हात कामाला लागतात तो शब्द, आपण कितीही हलकेच उच्चारलेला असो, वजनदार असतो. आणि त्या शब्दाच्या बदल्यात आपण काय मिळविले, हेही पाहावे. आम्ही एक वर्षाची शांतता मिळवीत होतो. "मला आता होत नाही, तू ये" हे वाक्य वडिलांच्या तोंडून निघू नये, एवढ्यासाठी ते आश्वासन पुरत होते.

अमेरिकेत १९७२ मध्ये रे स्कॉट यांनी आपल्या बास-स्पर्धांत मासा न मारता परत पाण्यात सोडण्याचा प्रघात पाडला, आणि तो पुढे दूरवर पसरला. मारण्यापेक्षा सोडणे बरे, यात वाद नाही. पण घरट्यावरून उचललेला नर परत सोडला तरी मधल्या वेळात गेलेली अंडी परत येत नाहीत. फोनवर "या वेळीही जमले नाही" असे सांगून आम्ही दर वर्षी वडिलांना असेच सोडून देत होतो, आणि आपण काही इजा केली नाही असे मानीत होतो.

गावाहून परतल्यावर यंदा आम्ही प्रथमच निराळे उत्तर दिले. आंब्यांच्या दिवसांत येणे होणार नाही, हे स्पष्ट सांगितले. दिवाळीस रजेचा अर्ज करू. ती मंजूर होऊन तिकीट हाती येईपर्यंत येण्याविषयी काही बोलणार नाही, असेही सांगितले. हे वाक्य बोलावयास आम्हांस फार जड गेले. फोनवर काही वेळ शांतता होती. सत्य सांगितल्याने माणूस लगेच हलका होतो असे पुस्तकांत लिहितात. आम्हांस तसा अनुभव आला नाही. वडिलांना दुःख झाले होते, आणि ते आम्हीच दिले होते.

मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. यंदा नवी तोडायला नको. आहेत त्यांतल्या दोन चांगल्या आहेत. त्याची उंची तेवढी कळव."

आम्ही चिरंजीवांस दाराच्या चौकटीशी उभे केले, पेन्सिलीने खूण केली आणि मोजून कळविले. चार फूट दोन इंच. त्या आकड्यात मात्र आम्ही काही कमी-अधिक केले नाही.