बापाचे स्वप्न, मुलाचा खांदा

‘क्योजिन नो होशी’, म्हणजे ‘जायंट्सचा तारा’, ही जपानी बेसबॉलकथा १९६६ पासून साप्ताहिकात चित्रकथा म्हणून येऊ लागली आणि १९६८ ते १९७१ या काळात दूरचित्रवाणीवर तिचे १८२ भाग झाले. लेखन इक्की काजिवारा यांचे, चित्रे नोबोरू कावासाकी यांची. कथेतला बाप इत्तेत्सु होशी एके काळी योमिउरी जायंट्सकडून खेळलेला. युद्धात खांदा गेला, त्याबरोबर खेळ गेला. उरली मजुरी, दारू आणि ह्युमा नावाचा मुलगा. या मुलाला जायंट्सचा गोलंदाज करायचे, एवढेच बापाचे आयुष्य. त्यासाठी तो मुलाच्या अंगावर सदऱ्याच्या आत स्प्रिंगांचा एक साज चढवतो. हात पुढे न्यायचा तर स्प्रिंगा ताणाव्या लागतात आणि जोर सोडला की त्या हात मागे खेचतात. चालता-बोलता, उठता-बसता हेच. मुलगा मोठा गोलंदाज होतो. मग बाप विरुद्ध संघाचा प्रशिक्षक होऊन त्याच्यासमोर उभा राहतो. शेवटच्या सामन्यात ह्युमा एकाही फलंदाजाला तळावर पोहोचू न देता जिंकतो आणि त्याच सामन्यात त्याचा हात कायमचा निकामी होतो.

या कथेतून एक जुना प्रश्न उभा राहतो: बापाला मुलाकडून काय मागता येते? शिस्त मागता येईल, कष्ट मागता येतील. पण मुलाचे शरीर, त्याची वर्षे, त्याचे स्वतःचे नसलेले स्वप्न? जपानीत अशा खेळकथांचा एक प्रकारच ‘कोन्जो’ या शब्दावरून ओळखला जातो. कोन्जो म्हणजे हाडात मुरलेली जिद्द. जिद्द हा गुण खरा, पण ती नेमकी कोणाची, हे त्या शब्दात कुठे नाही.

ही कथा महाराष्ट्रातही येऊन गेली. २३ डिसेंबर २०१२ पासून कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही मालिका सुरू झाली. बेसबॉलचे क्रिकेट झाले, तोक्योतल्या चाळवजा घराची मुंबईतली झोपडपट्टी झाली आणि स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. ट्यूब कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मिळते, त्यामुळे तिच्यातला जाच चटकन डोळ्यांत भरत नाही. साज बदलावा लागला, बाप मात्र फारसा बदलावा लागला नाही. आपले राहिलेले मुलाकडून पुरे करून घेणारा बाप मुंबईच्या मैदानांवर कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

भारतीय परंपरेत या बापाचा पूर्वज ययाती. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलेल्या या राजाने पाच मुलांकडे तारुण्य मागितले. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू यांनी नकार दिला आणि शाप घेतला. धाकट्या पुरूने दिले. हजार वर्षे भोग घेऊनही वासना शमली नाही, तेव्हा ययातीने तारुण्य मुलाला परत केले आणि राज्यही दिले. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये या कथेवर कादंबरी लिहिली आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. तिची चर्चा बहुतेक वेळा वासना आणि संयम याभोवतीच फिरते. पुरूचे काय झाले, हा प्रश्न गिरीश कार्नाडांच्या १९६१ च्या कन्नड नाटकाने अधिक टोकदार केला: तिथे पुरूची बायको चित्रलेखा नवऱ्याचे म्हातारपण पाहते आणि जीव देते. बापलेकांचा व्यवहार दोघांपुरता कधीच राहत नाही.

तरीही महाभारतातल्या ययातीच्या बाजूने एक गोष्ट सांगावी लागेल. त्याने घेतले ते परत केले. ह्युमाचा हात परत करणे त्याच्या बापाच्या हाती नव्हते. शेवटी तो हार मान्य करतो, पण तोवर द्यायला हातच उरलेला नसतो.

धर्मशास्त्राने मुलाचे देणे स्पष्ट सांगितले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन माणूस जन्मतो, असे वैदिक परंपरा मानते, आणि पितृऋण फिटते ते संततीने. म्हणजे मुलगा जन्मायच्या आधीच कोणाच्या तरी कर्जफेडीला लागलेला असतो. पण याच परंपरेत एक विधी आहे, ज्याची आठवण फारशी काढली जात नाही. कौषीतकी उपनिषदात मरणासन्न बाप मुलाला बोलावतो आणि आपली वाणी, प्राण, दृष्टी, कर्मे एकेक करून त्याच्या ठायी ठेवतो. मुलगा प्रत्येक वेळी ‘मी घेतो’ अशा अर्थाचे उत्तर देतो. इथे दोन अटी दिसतात. देणे शेवटी होते, आणि घेणारा तोंडाने हो म्हणतो. आणखी पुढचा नियम तर मजेशीर आहे: बाप त्यातून बरा झालाच, तर त्याने मुलाच्या सत्तेखाली राहावे, नाहीतर भटकंतीला निघावे. दिलेल्यावर पुन्हा हक्क सांगायचा नाही. इत्तेत्सुने नेमके हेच दोन्ही मोडले. त्याने मुलगा लहान असतानाच सगळे त्याच्यावर लादले आणि पुढे त्याच्याशीच झुंजायला उतरला.

याउलट उदाहरण मराठी वाचकाला शोधावे लागत नाही. रमेश तेंडुलकर कवी आणि मराठीचे प्राध्यापक होते; मुलाच्या खेळात त्यांचे स्वतःचे अपुरे राहिलेले असे काही नव्हते. मे १९९९ मध्ये ते गेले, सचिन विश्वचषकातून घरी आला आणि परत जाऊन त्याने २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. बापाचे स्वप्न पाठीवर नसतानाही मुलगा बापासाठी खेळू शकतो, एवढे त्यातून दिसते.

ताकुया मित्सुदा यांच्या ‘मेजर’ या दुसऱ्या जपानी बेसबॉल मालिकेत, जी एनएचकेवर २००४ ते २०१० सहा पर्वे चालली, प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. कथेचा नायक गोरो याचा बाप डोक्याला चेंडू लागून मरतो. त्याला वाढवते ती बापाची वाग्दत्त वधू, एक बालवाडीची शिक्षिका. पुढे ती बापाच्या खेळाडू मित्राशी लग्न करते आणि गोरोला दुसरे आडनाव मिळते. २०१८ मध्ये आलेल्या पुढच्या मालिकेत गोरोचा मुलगा दाइगो नामवंत बापाच्या पासंगालाही पुरत नाही म्हणून खेळ सोडून बसलेला दिसतो. बाप परदेशात खेळत असतो. दाइगोवर कोणी ट्यूब बांधलेली नाही, नुसते नाव पुरते.

रक्ताच्या बापाऐवजी दुसऱ्याने मूल वाढवणे, हा तर पाचगणीचा नित्याचा व्यवहार. वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की जांभ्याच्या सपाट पठाराखाली इंग्रजांच्या काळापासून निवासी शाळा उभ्या आहेत. झांझिबारहून आठेक वर्षांचा फारुख बलसारा इथल्याच सेंट पीटर्समध्ये आला. पियानो वाजवणारा तो मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. मराठीत मूल ‘बोर्डिंगला टाकतात’. शाळेत ‘घालणे’ वेगळे आणि ‘टाकणे’ वेगळे, हे मुलांना बरोबर कळते.

इथली न्यू एरा शाळा १९४५ मध्ये बहाई मंडळींनी सुरू केली. बहाई धर्मग्रंथ ‘किताब-ए-अकदस’ बापाचे देणे थेट सांगतो: मुलगा असो वा मुलगी, त्यांना शिकवणे बापावर बंधनकारक, आणि त्याने ते टाळले तर समाजाने ते त्याच्याकडून वसूल करावे. दुसऱ्याचे मूल वाढवणाऱ्याला तिथे मोठा मान आहे. पितृऋणाची दिशा इथे उलटी होते. ऋणको बाप ठरतो.

बापाने ‘टाकलेल्या’ मुलाला काय हवे असते, हे एका जुन्या कथेत आहे. कठोपनिषदात वाजश्रवस चिडून आपल्या मुलाला, नचिकेताला, मृत्यूला देऊन टाकतो. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेला तो मुलगा पहिला वर मागतो तो आत्मविद्येचा नव्हे. आपण परत जाऊ तेव्हा बापाचा राग निवळलेला असावा आणि त्याने आपल्याला ओळखावे, एवढेच तो मागतो.

‘तारे जमीं पर’ (२००७) या चित्रपटाचे चित्रीकरण न्यू एराच्या आवारात झाले. त्यातला ईशान अक्षरे उलटीपालटी वाचणारा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. बापाने त्याला आळशी ठरवून बोर्डिंगला टाकलेला. पुढे बाप शाळेत येतो. फलकापाशी मुलगा पाठमोरा उभा आहे आणि एकेक अक्षर जुळवत, अडखळत वाचतो आहे. बाप मागून ते ऐकतो. त्याचे डोळे भरतात आणि तो मुलाला हाक न मारताच निघून जातो. मुलगा वाचतच राहतो.