उपचार झाकू नका, अमानत सांभाळा



मुली देणारा, मुलगे देणारा अल्लाहच आहे आणि कोणाला निःसंतान ठेवावे हेही तोच ठरवितो, अशी दिव्य कुरआनाची शिकवण आहे (४२:४९-५०). म्हणून निःसंतान स्त्रीला बोल लावणे हे ईशनिर्णयालाच बोल लावणे ठरते. त्याच अल्लाहने आजारासोबत औषधही उतरविले, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. हजरत जकरिया (अ.) यांनी वार्धक्यातही संततीसाठी दुआ केली. संततीची ओढ आणि त्यासाठी वैध उपचार श्रद्धेच्या विरुद्ध नाहीत.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने निर्णय दिला. बीज विवाहबंधनातील पती-पत्नीचेच असेल आणि गर्भ त्याच पत्नीच्या उदरात वाढणार असेल, तर गरजेपोटी, आवश्यक ती सर्व खबरदारी घेऊन हा उपचार करण्यास हरकत नाही; तिसऱ्या व्यक्तीचा सहभाग मात्र निषिद्ध.

यातील ‘खबरदारी’ हा शब्द आपण गर्भ राहताच विसरतो. अशा उपचारानंतर जन्मणारी बहुतांश बाळे निरोगी असतात. तथापि मातेचा रक्तदाब वाढणे, वार खाली असणे, ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती होणे, बाळाचे वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरणे, यांचा संभव काहीसा अधिक असतो. जुळी-तिळी हे त्याचे एक मोठे कारण. मातेचे वय आणि वंध्यत्वाचे मूळ कारण यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून ‘एकाच खर्चात दोन लेकरे’ हा हिशेब धरू नका. एकच भ्रूण सोडणे शक्य आहे काय, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

आमच्या येलदरीसारख्या गावातील जोडप्याला हा उपचार मोठ्या शहरात घ्यावा लागतो. पुढील तपासण्या व बाळंतपण मात्र जिंतूर-परभणीला होते. तेथील डॉक्टरांपासून उपचार लपविला गेला, तर जोखमीची गर्भवती साधारण समजून तपासली जाते. इस्लामने झाकण्यास सांगितले ते माणसांचे दोष. हलाल उपचार हा दोष नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही; परंतु उपचाराचे कागद, सोडलेल्या भ्रूणांची संख्या आणि चालू औषधे डॉक्टरांना सांगितलीच पाहिजेत.

पतींनो, ही जबाबदारी तुमची आहे. पत्नीचे डोके असह्य दुखू लागले, दृष्टी अंधुक झाली, चेहरा-हात सुजले, रक्त गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. नवजात शिशूंवर उपचारांची सोय असलेले रुग्णालय आणि रात्री मिळेल असे वाहन आधीच ठरवून ठेवा. बाळ कमी दिवसांचे जन्मले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, आईचे दूध द्या.

आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. बाळामुळे मातेला इजा पोहोचू नये, ही आज्ञा कुरआनाने (२:२३३) दूध पाजण्याच्या संदर्भात दिली. जी माता बाळासाठी प्राण पणाला लावते, तिच्याविषयी ती आपण किती अधिक पाळावी! घराची अब्रू राखण्यासाठी तिचा जीव धोक्यात घालणे हे अमानतीत खयानत करणे आहे.

अल्लाह प्रत्येक आतुर ओटी भरो आणि प्रत्येक माता-बाळाला सुखरूप ठेवो. आमीन.