परत न मागितलेलं कार्ड

नोकरीच्या शेवटच्या दिवशी ‘नो ड्यूज’च्या कागदावर अकरा सह्या घ्यायच्या होत्या. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, लॉकरची किल्ली. एकेक वस्तू जमा करत मजले पालथे घातले. पाकिटातलं मेडिक्लेमचं कार्ड मात्र कुणी मागितलं नाही. मागायचं कशाला? रात्री बाराला ते आपोआपच निकामी होणार होतं. माझ्या एकट्याचं नव्हे. बायको, मुलगी आणि ७४ वर्षांची आई, सगळ्यांचंच.

अठरा वर्षं मी स्वतःला विमा असलेला माणूस समजत होतो. विमा खरं तर खुर्चीचा होता, मी तिच्यावर बसलो होतो इतकंच. गटविम्याचा करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात होतो. आपलं नाव सोबतच्या यादीत असतं. त्या यादीत असण्याचं सुख असं, की बहुतेक ठिकाणी जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. मला शुगर निघाली तेव्हा विमा कंपनीला कळवायचं मनातसुद्धा आलं नाही. पॉलिसी कधी वाचली नाही. आयतं मिळालेलं कोण वाचतं?

बाहेर पडल्यावर प्रीमियम जड जाणार, एवढी मनाची तयारी होती. पण या बाजारात पैशाआधी वर्षं मोजतात हे ठाऊक नव्हतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं, यांना बहुधा दोन वर्षं वेटिंग. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने. २०२४ पर्यंत ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही. थोडक्यात, पॉलिसीचं वय हीच पुंजी. माझी शुगर सहा वर्षांची, पण नव्या पॉलिसीच्या लेखी ती आजच जन्मलेली. मागची अठरा वर्षं किती धरणार, असं एजंटला विचारलं. तो म्हणाला, “शून्य, साहेब.”

ती धरून घेता आली असती, हे तीन आठवड्यांनी कळलं. गटविम्यातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय विमा नियामकाच्या नियमांत आहे. कंपनी तब्येत तपासते, प्रीमियम आपल्या मर्जीने लावते, नाहीही म्हणू शकते. पण घेतलं, तर आधी काढलेलं वेटिंग वजा होतं. अट अशी, की मध्ये खंड पडता कामा नये. माझ्या निरोपाच्या पत्रात पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या. ही एक ओळ नव्हती. कुणाचा दुष्टावा नव्हे; ती लिहिणं कुणाच्या कामात बसत नव्हतं. मला विचाराल तर खरी गोम इथेच आहे. हक्क आहे, पण तो मागायची मुदत नेमकी त्या दिवसांत संपते, जेव्हा मुलीची फी आणि घराचा हप्ता यांपलीकडे डोक्यात काही शिरत नाही.

या बाबतीत १९४८चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा आमच्या चकचकीत गटविम्यापेक्षा शहाणा निघाला. कारखान्यातला कामगार एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पुरेसे दिवस वर्गणी भरून नोकरीबाहेर पडला, तरी त्या वर्गणीचा लाभकाळ पुढच्या जानेवारीपासून जूनअखेरपर्यंत चालतो. नोकरी आज गेली म्हणून औषध आज बंद होत नाही. कारखाना बंद पडून बेकार झालेल्यांसाठी भत्त्याबरोबर उपचार देणारी योजनाही ईएसआयमध्ये २००५ पासून आहे. ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगा आणि औषधांची ओरड मी ऐकून आहे, त्या व्यवस्थेचे गोडवे गायचे नाहीत. पण माणसाची नोकरी जाऊ शकते, हे तो कायदा लिहिणाऱ्यांना सुचलं होतं. महिना २१,०००च्या वर पगार गेला, की या छत्राखालून माणूस बाहेर पडतो. त्याला आपण बढती म्हणतो आणि पेढे वाटतो.

अमेरिकेतसुद्धा, जिथे दुसऱ्या महायुद्धात पगार गोठवल्यावर मालकांनी माणसं टिकवायला विम्याचं आमिष लावलं आणि पुढे तीच रीत झाली, नोकरी सुटल्यावर साधारण १८ महिने तीच पॉलिसी चालू ठेवता येते. मालकाचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. महाग आहे, पण दार उघडं आहे.

आपल्याकडे वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, हे बरंच झालं. आयकरातली ८०डीची वजावट मात्र माझ्या काय कामाची? वजा करायला आधी उत्पन्न हवं. आईने ट्रंकेतून रेशनकार्ड काढून दिलं, पांढरं. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३च्या निर्णयाने सगळ्याच रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली; कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ठरावीक उपचार, ठरावीक रुग्णालयं, तरी काहीतरी आहे. गेली कित्येक वर्षं ते कार्ड आमच्याकडे पत्त्याच्या पुराव्यापुरतं होतं. घेताना मला किंचित लाज वाटली, आणि त्या लाजेची नंतर जास्त.

शेवटी नवी पॉलिसी घ्यायची ठरवलीच. फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना होता: नोकरी, धंदा, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, इतर. एजंट म्हणाला, “धंदा टाका साहेब, कन्सल्टंट म्हणून. सगळे टाकतात.” त्याच कागदाच्या तळाशी वरील सर्व माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र होतं, खोटं निघाल्यास पॉलिसी रद्द. मी ‘इतर’वर खूण केली आणि शेजारी लिहिलं, सध्या नोकरी नाही. शुगर लिहिली, गोळीचं नाव लिहिलं.

तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. उत्पन्नाचा रकाना रिकामा राहिलाय, म्हणाली.

“शून्य लिहा,” मी म्हटलं.

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग काही क्षण काहीच नाही.

“सर, शून्य घेत नाहीये.”