कंदाची काळजी नंतर!

पाच प्रश्न विचारलेस आणि पाचही कंदाचे. फुलं झडली, आता देठ कापू का? कंद उकरून ठेवू का? फ्रिजमध्ये किती दिवस? खत कोणतं? पुढच्या वर्षी फुलेल ना? आणि शेवटी, जाता जाता, एक फोटो: मनी कुंडीला टेकून झोपलेली, लिलीचं पान तिच्या मिशांवर. खाली तू लिहितेस, ‘बाई, हिला या झाडाचा फार लळा!’

काल रात्री फोनवर खोदून खोदून विचारलं, पान चावलंय का, उलटी झाली का. तू नाही म्हणालीस, म्हणून आज शांतपणे लिहिते आहे. शांतपणे, म्हणजे माझ्या मानाने.

वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालीस ना गं? वास्तुशांतीला आलेली ती कुंडी खऱ्या लिलीची आहे, लिलियम. तिची पाकळी, पान, देठ, कंद, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. एखादं-दुसरं पान पुरतं. अंगावर सांडलेले पराग चाटले तरी पुरतात, आणि मांजर दिवसभर दुसरं करतं काय? यातलं नेमकं विषारी द्रव्य अजून ओळखता आलेलं नाही, त्यामुळे त्यावर उतारा नाही. कुत्र्याचं बहुधा पोट बिघडण्यावर निभावतं. मांजराचं निभावत नाही.

‘मुक्या जनावराला उपजत कळतं’ हे मला ऐकवू नकोस. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला चावायला हिरवं काही मिळत नाही, म्हणून ते दिसेल त्या कुंडीला तोंड लावतं. मूठभर गहू पेरून अंकुर दिले असतेस तर एक वेळ तुझं कौतुक केलं असतं. पुंकेसर मात्र आठवणीने कापलेस, आणि ते कशासाठी? सोफ्यावर डाग पडू नयेत म्हणून! धन्य आहेस.

आता फुलं गेली म्हणून धोका टळला, असं तू धरून चालली आहेस. पानं आहेत ना अजून? आधी उलट्या होतात, लाळ गळते, खाणं सुटतं. मग उलट्या थांबतात आणि घरचे म्हणतात, केसांचा गोळा अडकला असेल, बरी झाली. तिथेच घात होतो. पुढच्या एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. पोटात गेल्यापासून साधारण 18 तासांच्या आत सलाइन सुरू झालं आणि दोन-तीन दिवस चाललं, तर वाचण्याची आशा बरी असते. म्हणजे ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायची सोय नाही.

तुझ्या कंदाचंही सांगते, नाहीतर तेवढंच धरून बसशील. वाळलेलं फूल त्याच्या बीजकोशासकट खुड. हिरवा देठ कापायचा नाही. कंदाला खाऊ घालतात ती पानंच. ती पिवळी पडली की मग काप. लिलीच्या कंदाला कांद्यासारखं कोरडं साल नसतं, नुसत्या मांसल पाकळ्या. उघड्यावर ठेवलास की सुकलाच. दमट कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात निदान सहा ते आठ आठवडे. पुण्याची थंडी त्याला पुरत नाही. लावताना खोल लाव, कारण कंदाच्या वर देठालाही मुळं फुटतात. एवढं करूनही पहिल्यासारखा बहर येईलच असं नाही.

पण हे सगळं तुझ्या घरात नाही! गॅलरीत ठेवते, वर टांगते, दार लावून घेते, यातलं काही चालणार नाही. पान गळून खालीच पडतं आणि दार कुणीतरी उघडं टाकतंच. ज्यांच्याकडे मांजर येत-जात नाही अशा घरी कुंडी दे, आणि देताना कारण सांगून दे. सोसायटीच्या बागेत नेऊन ठेवलीस तर तिथल्या भटक्या मांजरांनी काय पाप केलंय?

डे-लिलीही तितकीच वाईट. पीस लिली वेगळ्या कुळातली. तिने तोंड जळजळतं, लाळ गळते, मूत्रपिंडं जात नाहीत. म्हणून ती लगेच विकत आणायला धावू नकोस. हौसच असेल तर फॅलेनॉप्सिस ऑर्किड आण, नाहीतर साधी जास्वंद लाव.

संध्याकाळच्या आत कुंडी घराबाहेर गेली पाहिजे. ती जिथे होती तिथली फरशी ओल्या फडक्याने पूस, फडकं टाकून दे, मनीचं अंगही पुसून घे. आणि पान चावल्याची नुसती शंका आली तरी मला फोन लावत बसू नकोस. लिलीचा तुकडा पिशवीत घाल आणि मांजर घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.