आजचं चिंतन (गीता ६.१७) : "बस" नको, "चल" म्हणा



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं सगळं बेताचं असतं, त्याचा योग दुःख दूर करतो. मी आजवर यातलं 'कमी खा, कमी झोप' एवढंच घेतलं होतं. फिरण्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

सध्या बायकोला पाचवा महिना चालू आहे. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात आम्ही बाळ गमावलं. त्यामुळे या वेळी मी तिला उठूच देत नव्हतो. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात. शेवटी ती वैतागली, "मी आजारी नाहीये रे, गरोदर आहे!"

तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीचे बरेचसे गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, चालण्या-फिरण्याने नाही. ऐकता ऐकता ही रडायला लागली. त्या आठवड्यात जिने चढले म्हणूनच झालं, असं ती वर्षभर मनात धरून होती. आणि मी तिला "बस, बस" म्हणत तेच पक्कं करत होतो.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाची आई कयाधू गरोदरपणी नारदांच्या आश्रमात राहते. तिथे गर्भातल्या प्रल्हादाने उपदेश ऐकला, हे आपल्याला पाठ असतं. पण गर्भाचं क्षेम व्हावं म्हणून ती ऋषींची सेवाही करत होती, हे विसरतो. आणि सेवा काही पलंगावर पडून होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, गुंतागुंत नसेल तर गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. चालताना बोलता आलं पाहिजे. आम्ही नाम घेत चालतो. धाप लागून नाम तुटलं, की वेग कमी. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, पोटात कळा यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबून डॉक्टरांना फोन. आणि डॉक्टरांनी विश्रांतीच सांगितली असेल, तर त्या माउलीसाठी तेच बेताचं. तिथे हट्ट नको.

आजचा संकल्प, खास नवरेमंडळींसाठी : संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, चपला घालायच्या आणि म्हणायचं, "चल, येतेस?"

राम कृष्ण हरी 🙏