डोकेदुखी आणि झोंप



एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भयानें पळाला व रानांत रतामाच्या झाडाखालीं बसून मरण मागूं लागला, ही कथा तुम्हांस ठाऊक आहे. देवानें त्यास तेव्हां दोष दिला नाहीं. प्रथम झोंप दिली, मग दूताकरवीं निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिलें, आणि पुनः निजूं दिलें. प्रश्न विचारला तो पुढें चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर पोंचल्यावर.

हा क्रम मी एकदां विसरलों. "पाळकसाहेब, रात्रीं डोळ्यास डोळा लागत नाहीं, आणि पहांटे डोकें धरूनच उठतें," असें मंडळींतील एक बाई सांगावयास आली असतां, अधिक प्रार्थना करा, एवढेंच मीं सांगितलें. ती रोज दुकानांतली गोळी व तीवर रात्रीं कडक चहा घेत असे, हें मीं विचारलेंच नव्हतें!

हीं दोन दुखणीं एकमेकांस पोसतात. जागरणानें वेदना अधिक जाणवते, अर्धशिशी उठते. आणि डोकें ठणकूं लागलें कीं झोंप उडते. दुखणें थांबविणारी साधी गोळीसुद्धां महिन्यांतून 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर तीच डोकेदुखी उत्पन्न करूं लागते. चहाचा अंमलही कित्येक तास टिकतो. जो मोठ्यानें घोरतो, ज्याचा श्वास झोंपेंत अडकतो व सकाळीं डोकें दुखून कांहीं तासांत उतरतें, त्यास आपल्या मनानें झोंपेची गोळी देऊं नये, डॉक्टरांस दाखवावें.

शूनेमकरणीचा मुलगा कापणी करणाऱ्यांत असतां डोक्याच्या वेदनेनें ओरडला, आणि दुपारीं आईच्या मांडीवर गेला. म्हणून एकाएकीं उठलेली भयंकर डोकेदुखी, तिजबरोबर ताप व मान ताठणें, बोलणें अडखळणें किंवा हातपाय लुळे पडणें, असें दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये. प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवरही करितां येते.

त्या बाईनें डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळी सोडली. पहिले आठ दिवस दुखणें वाढलें. मग हळूहळू उतरलें. रोज ठराविक वेळीं ती निजते.

उपदेशकबंधूंनो, आपल्या सभा रात्रीं अकरापर्यंत चालतात, आणि बायका पहांटे चारला पाण्यास उठतात. पुढील रविवारापासून आमची सायंप्रार्थना साडेआठास संपेल. लांब भजनें म्हणणाऱ्यांनीं रागावूं नये.