पंपाच्या नावावर

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने एकाच महिन्यात विजेसंबंधी दोन निर्णय घेतले. पहिला वीज कर्मचाऱ्यांचा. महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या तिन्ही कंपन्यांत मूळ पगारात १९ टक्के आणि भत्त्यांत २५ टक्के वाढ, तीही १ एप्रिल २०२३ पासून. दुसरा शेतकऱ्यांचा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज. लाभार्थी ४४ लाख, खर्च वर्षाला १४,७६० कोटी. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे दुसऱ्या निर्णयाला नाक मुरडण्याची हिंमत कुठल्याच पक्षाने केली नाही. पहिल्यावर मात्र पानठेल्यापासून बारशाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना मत होतं. यवतमाळकडे ते एका वाक्यात सांगतात : ‘लाइन राहत नाही, अन् यायले पगारवाढ पायजे!’

हा राग खोटा नाही. जूनच्या पहिल्या वादळात डीपी जळाली की आठ-आठ दिवस अंधारात काढणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणावं? पण या रागाचा पत्ता चुकलेला आहे. तो एका दिवसात चुकला नाही, चांगली पन्नास-साठ वर्षं लागली. आणि त्यातली दोन मोठी वळणं आमच्या पुसदच्याच दोन मुख्यमंत्र्यांच्या काळातली आहेत.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं २० जून १९६० रोजी. तीन वर्षांनी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. संकरित बियाणं, विहीर आणि विहिरीवर पंप हे त्यांच्या शेतीचं सूत्र होतं. त्या काळात मंडळाचं यश नफ्यात मोजलं जात नसे. किती गावांत खांब गेले, किती पंप जोडले गेले यात मोजलं जाई. खांब घेऊन येणाऱ्या वायरमनला गावात सरपंचाच्या ओट्यावर चहा मिळे. त्याचा पगार किती, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नसावं. मंडळातल्या वर्कर्स फेडरेशनसारख्या कामगार संघटना याच वातावरणात वाढल्या. नागपूरचे ए. बी. बर्धन वीज कामगारांचे नेते होते, आणि त्यांच्या पिढीला मंडळ हे कारखान्याच्या मालकासारखं दिसत नव्हतं. जनतेची मालमत्ता सांभाळणारे आपण, म्हणून आपल्याला नीट जगता येईल एवढं मिळालं पाहिजे, असा तो सरळ युक्तिवाद होता. तो लोकांना पटतही होता.

मग सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक साधा, वरवर शेतकऱ्याच्या सोयीचा बदल झाला. पंपाचं बिल मीटरवर न करता अश्वशक्तीवर करायचं. मीटर वाचायला शिवारात जायचा त्रास वाचला, शेतकऱ्यालाही ठरावीक रक्कम परवडली. पण त्या दिवसापासून पंप किती वीज खातो हे कुणालाच मोजून ठाऊक राहिलं नाही. तो अंदाज झाला. आणि अंदाजात काहीही मावतं. आकडे टाकून चोरलेली वीज, मीटर हळू केलेल्या गिरणीची वीज, जुनाट तारांत तापून गेलेली वीज, सगळी ‘कृषी वापर’ या एका रकान्यात जाऊन बसली. शेतकरी फुकट्या ठरला, मंडळ कार्यक्षम ठरलं, चोर मोकळा सुटला. माझ्या मते महाराष्ट्राच्या वीजकारणातला सगळ्यात मोठा निर्णय एन्रॉनचा नव्हे, हा आहे. त्यावर मोर्चा मात्र निघाला नाही.

एन्रॉनचा विषय आलाच, तर त्या अमेरिकी कंपनीबरोबरचा दाभोळ वीजप्रकल्पाचा पहिला सामंजस्य करार झाला २० जून १९९२ रोजी, मंडळाच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक. पुढे करार मोडला, पुन्हा झाला, दाभोळची वीज १९९९ मध्ये आली आणि दोनच वर्षांत ती परवडत नाही म्हणून मंडळाने घेणं बंद केलं. या सगळ्या काळात कामगार संघटनांची भूमिका आठवण्यासारखी आहे. ‘सीटू’ ही कामगार संघटना आणि कार्यकर्ते अभय मेहता उच्च न्यायालयात गेले ते पगारासाठी नव्हे, कराराविरुद्ध. याचिका फेटाळली गेली, तरी कामगार संघटना ग्राहकाच्या बाजूने हिशोब मागते आहे, हे चित्र लोकांनी पाहिलं. संघटनांची पत एवढी वर पुन्हा क्वचितच गेली.

‘कृषी वापर’ या रकान्याचं झाकण उघडलं २००० साली. नव्याने आलेल्या वीज नियामक आयोगासमोर मंडळाला पहिल्यांदाच जाहीर सुनावणीत आकडे मांडावे लागले. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटांनी ते सोलून काढले. नव्वदच्या दशकात पंधरा-अठरा टक्के सांगितली जाणारी गळती तिसाच्या वर निघाली. पंपांच्या नावावर दाखवलेली पुष्कळ वीज पंपांपर्यंत गेलीच नव्हती. इचलकरंजीचे वीजग्राहक नेते प्रताप होगाडे पुढची वीस वर्षं हेच ओरडून सांगत राहिले, आणि मार्च २०२० च्या दरनिर्णयात आयोगाने कृषी वापर पुन्हा खाली आणला. तेवढी गळती वर चढली. म्हणजे वीस वर्षांत झाकण दोनदा उघडलं, आणि मधल्या काळात पुन्हा लागलं.

आता पगाराकडे येऊ. महावितरणच्या खर्चात तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा नुसत्या वीजखरेदीचा असतो. कर्मचाऱ्यांवरचा खर्च दहाव्या हिश्श्याच्याही आत राहतो. उद्या सगळ्यांचे पगार निम्मे केले तरी बिलात युनिटमागे काही पैशांचा फरक पडेल. मग पगारच डोळ्यांवर का येतो? कारण कोळशाचा करार कुणाच्या दारात येत नाही. थकबाकीची नोटीस घेऊन, मार्चअखेरीला कनेक्शन तोडायला दारात येतो तो लाइनमन. २००५ च्या ६ जूनला मंडळाचं विभाजन होऊन कंपन्या झाल्या, वसुलीचं उद्दिष्ट थेट त्याच्या गळ्यात पडलं. पुढे कंपनीने त्याला ‘जनमित्र’ असं नाव दिलं. नाव छान आहे. पण ज्याच्या हातात पकड आणि थकबाकीदारांची यादी आहे त्याला मित्र कोण म्हणेल?

विजेमागचा हा माणूस कसा दिसेनासा होतो, याचं यवतमाळ जिल्ह्यातलंच एक उदाहरण देशाने पाहिलं. जुलै २००८ मध्ये लोकसभेत अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा राहुल गांधींनी मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावतीबाईंचं नाव घेतलं, आणि विदर्भातल्या गरिबीचा धागा विजेशी जोडला. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याच सभागृहात अमित शहांनी त्याच बाईंना वीज, घर, गॅस कुणी दिला ते सांगितलं. बाईंनी ते गावातूनच नाकारलं. दोन्ही वेळा वीज ही देणगी होती आणि भांडण दात्याच्या नावाचं होतं. वीज ही रोज कुणीतरी चालू ठेवायची गोष्ट आहे, त्याला पगार द्यावा लागतो, हे त्या चर्चेत कुठेच नव्हतं.

चालू ठेवणं म्हणजे काय, ते काळ्या मातीच्या जिल्ह्यात पावसाळ्यात पाहावं. घाटंजी किंवा झरी-जामणीकडे एकेक अकरा केव्हीची लाइन कोसन्कोस पऱ्हाटीतून, नाल्यातून, सागाच्या जंगलातून जाते. फॉल्ट कुठे आहे ते कळत नाही. एबी स्विच खोलून एकेक टप्पा वेगळा करायचा, फीडर घेऊन पाहायचा, ट्रिप झाला की पुढचा टप्पा. मोटरसायकल चिखलात रुतली की पायी. शेवटी फुटलेला पिन इन्सुलेटर सापडतो. उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, डिस्चार्ज रॉड टाकून लाइन अर्थ करायची, मग चढायचं. परमिट कायम कर्मचाऱ्याच्या नावावर असतं. खांबावर चढणारा पुष्कळदा बाह्यस्रोताचा, म्हणजे कंत्राटी असतो. दोघांच्या पगारात दुपटी-तिपटीचा फरक; करंट मात्र तोच.

इथे संघटनांना दोष द्यावाच लागेल. कायम कामगारांच्या पाच वर्षांच्या करारासाठी टक्क्यांवर घासाघीस करण्यात त्या तरबेज झाल्या, आणि त्याच वेळी त्यांच्या शेजारी कंत्राटी कामगारांची आख्खी फौज उभी राहिली. कंत्राटदार पगारातले पैसे परत मागतो, अपघात झाला की जबाबदारी झटकली जाते, या तक्रारी कंत्राटींच्या वेगळ्या संघटनांना मांडाव्या लागल्या. टक्केवारीत बोलणाऱ्या संघटनेला टक्केवारीतच उत्तर मिळतं, हे १९ टक्क्यांच्या वेळी दिसलंच.

त्याआधी दीड वर्ष, ४ जानेवारी २०२३ ला, चित्र वेगळं होतं. मुंबईच्या उपनगरांपासून नवी मुंबई-पनवेलपर्यंतच्या भागात अदानींच्या कंपनीने वीजवितरणाचा समांतर परवाना मागितला होता. त्याविरुद्ध ३१ संघटनांच्या संघर्ष समितीने ७२ तासांचा संप पुकारला. समितीच्या म्हणण्यानुसार ८६ हजार कायम आणि ४२ हजार कंत्राटी कामगार व सुरक्षारक्षक त्यात होते. पगाराची मागणी नव्हती. उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांशी त्याच दिवशी बोलणी झाली, खाजगीकरण होणार नाही असं आश्वासन मिळालं आणि संप मिटला. यवतमाळात त्या सकाळी चर्चा एवढीच : पाण्याच्या टाक्या भरल्या का, मोबाइल चार्ज केला का.

खरं तर तो संप यवतमाळचाच होता. पांढरकवड्याच्या पंपाचा वीजदर कमी राहतो तो नवी मुंबईतला कारखानदार आणि मॉलवाला जास्त दर भरतो म्हणून. त्यांचा मलिदा परवानाधारकाने उचलला, तर महावितरणकडे उरेल तो लांबलचक लाइनींचा, थोड्या बिलांचा मुलूख, म्हणजे आपण. हे साधं गणित संघटनांनी एका तरी आठवडी बाजारात उभं राहून सांगितलं असतं, तर पगारवाढीच्या वेळी त्यांच्या बाजूने बोलणारी चार माणसं भेटली असती. खाजगीकरण म्हणजे सगळं वाईटच, अशी घोषणा पुरत नाही. नागपूर, औरंगाबाद, जळगावचे फ्रँचायझी २०१९ पर्यंत गुंडाळले गेले हे खरं; पण भिवंडीत २००७ पासून टोरंट टिकली आहे आणि तिथली गळती घटली, हेही खरं. त्याचं उत्तर आकड्यांनीच द्यावं लागतं.

आणि आता आकडे लपवायची जागाच आक्रसते आहे. शेतीचे फीडर वेगळे होऊन सौरऊर्जेवर जात आहेत, मागेल त्याला सौरपंप दिले जात आहेत. पंप जसे ग्रिडवरून उतरतील तसा ‘कृषी वापर’ हा रकाना रिकामा होत जाईल. त्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं दडलेली गळती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहावी लागेल. ते नाव पुन्हा लाइनमनचं असू नये, असं संघटनांना वाटत असेल, तर २०२८ च्या पगारकराराच्या मागणीपत्रात पहिलं कलम टक्क्यांचं नको, प्रत्येक उपविभागाचा फीडरवार हिशोब दर महिन्याला कार्यालयाच्या दारावर लावण्याचं हवं. दुसरं कलम बाह्यस्रोताच्या पोराचं. टक्के तिसऱ्या नंबरला आले तरी चालतील.